हालिनाची हाक

"हालिने, थांब गं बया!"

कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या बोळात इरेनाचे पाय जागीच खिळले. हालिना म्हणजे तिची धाकटी बहीण. महायुद्धात त्यांना पोलंडमधून सैबेरियाला हाकललं, तिथं बर्फात ती 'दूध, दूध' करत गेली. ना फोटो उरला, ना थडगं. इरेना तेवढी वाचली, इथल्या निर्वासितांच्या छावणीत वाढली आणि आज म्हातारपणी बालमैत्रिणीला, हौसाक्काला, भेटायला आली होती.

तेवढ्यात कोपऱ्यावरून एक धिप्पाड म्हैस डुलत आली आणि मागून धापा टाकत खुद्द हौसाक्का.

इरेनाला बघून तिनं जीभ चावली. "रागावू नगंस बाई. तू रडत सांगायचीस न्हवं तिचं? तू गेलीस त्याच साली आमच्या म्हशीला रेडी झाली. म्हटलं, पोरीचं नाव तरी दुधात राहू दे. मग तिच्या लेकीला त्येच, नातीला त्येच. रोज हाक पडती बघ!"

इरेनाला हसू फुटलं ते आवरेचना. दोघी म्हाताऱ्या म्हशीच्या गळ्यात पडून खिदळल्या.

मग डोळे पुसत इरेनानं खच्चून हाक मारली, "हालिना!"

आणि हालिनानं ओ दिली.