शेवटचं पान आधी

वाचकमंडळात माणसं अकरा होती, आणि यंत्राने या आठवड्यासाठी सुचवलेल्या नव्या कादंबऱ्या होत्या बारा. ग्रंथपाल रेवतीने दोनदा मोजलं. बारावी कादंबरी आप्पा मोहरीलांच्या नावावर होती, आणि आप्पांना जाऊन चार महिने झाले होते.

त्यांची खूणपट्टी अजून कुणीतरी पुस्तकात घालत होतं. कोणतं पान कधी उघडलं, हे पट्टी टिपायची आणि त्यावरून यंत्र पुढची कादंबरी निवडायचं.

"मीच वाचते," आप्पांच्या पत्नी मालतीकाकू म्हणाल्या. "आता त्यांनी काय वाचलं असतं, ते तरी कळतं."

"काकू, वाचायची पद्धत तीनदा जुळली नाही, तर यंत्र पट्टी पुसून टाकतं. मग त्यांच्या नावाने काही येणार नाही. दोनदा चुकलंय."

"अगं, ओळ न् ओळ वाचते मी! चुकेल कसं?"

"तुम्ही पहिल्या पानापासून वाचता. आप्पा शेवट आधी वाचायचे."

"चाळीस वर्षं भांडले मी त्यावरून. जेवायच्या आधीच आचवणारा माणूस!" काकूंनी बारावी कादंबरी पिशवीत टाकली. "मला नाही गं जमायचं ते."

आठवड्याने कादंबरी परत आली. रेवतीने पट्टी काढून यंत्रावर ठेवली.

एकूण पानं: २१४. सर्वांत आधी उघडलेलं पान: २१४.