तपकिरी आजोबा

वरून केबलला दोन हिसके बसले, तसा थोरल्याने हातातला प्लग नव्या राउटरमध्ये सरकवला. टक् आवाज झाला. हिरवा दिवा जरा घुटमळला आणि लुकलुकू लागला.

हिसके बसले खरे, पण फार वेळाने. वर सोनोग्राफीच्या खोलीत धाकटा भाऊ एवढा वेळ करत काय होता?

प्रसूतिगृहाच्या जिन्याखालची ही खोली. पेंगुळलेला पिवळा दिवा, लोखंडी रॅक, आणि भिंतीतून वेलींसारख्या उतरलेल्या केबली. रॅकमध्ये नवा राउटर बसला होता, पण केबलींची इकडची टोकं जुनी होऊन पिचली होती. थोरला एकेक टोक कापत होता, आतल्या आठ तारा, चार रंगांच्या चार जोड्या, पोरीचे केस विंचरावेत तशा सरळ करत होता आणि नवा प्लग दाबून बसवत होता. वरची टोकं धडधाकट होती. तिथे धाकट्याने नुसता टेस्टर लावायचा आणि सगळं ठीक असलं की केबल दोनदा ओढायची. हाका नाहीत, फोन नाही. वडिलांपासूनची पद्धत.

तारांचा क्रमही वडिलांनी गाण्यात बांधून दिला होता. दोघं भाऊ लहानपणी एका पांघरुणात तो म्हणत झोपायचे.

केशरी दारी, हिरवा ओसरी,
निळा मधल्या घरात;
तपकिरी आजोबा मागल्या दारी,
मग दिवा लागे क्षणात.

तार इकडे ज्या घरात, तिकडेही त्याच घरात. नाहीतर दिवा लागत नाही. सगळी विद्या एवढीच.

थोरल्याने प्लगांच्या पिशवीत हात घातला आणि थांबला. पिशवी फारच हलकी झाली होती. त्याने वापरले होते जवळजवळ तेवढेच धाकट्याने वर नेले होते. सकाळी हटकलं तेव्हा म्हणाला होता, वरचेही बदलून टाकतो दादा, जुने झालेत. तेही नजर चुकवून.

गेले काही महिने हेच चाललं होतं. आज आल्याआल्या म्हणे, मी खाली बसतो, तू वर जा. रॅक म्हणजे कामाचं काळीज. नेमकं तेच याला हवं होतं. नाही म्हटल्यावर पांढऱ्या उजेडाचा टॉर्च पुढे केला, हा लाव म्हणून. जसा काही थोरला म्हातारा झाला. त्याने टॉर्च रॅकच्या माथ्यावर ठेवला, तो तसाच पडून होता. मागच्या कामावर तर धाकटा गिऱ्हाइकाशी दाराआड कुजबुजताना दिसला होता, आणि थोरला येताच गप्प झाला होता. बायको जेवायला वाढताना म्हणायची, "भावजी दिसतात तेवढे साधे नाहीत हो. तुमच्या पाठीमागे काहीतरी शिजतंय." वडिलांचं दुकान, पाटीवर दोघांची नावं. आतून कुणी ते पोखरत असेल, तर आज त्याचा निकाल लावायचाच होता.

दारातून मेट्रन डोकावली. "काय हो, आमच्याकडे बाळंसुद्धा एवढी वाट बघायला लावत नाहीत."

थोरला कसनुसा हसला. भाऊ कुठे आहे म्हणून त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं. तो पलीकडच्या वॉर्डात गेल्याचं तिने सांगितलं.

थोरला पाय न वाजवता वर गेला. सोनोग्राफीच्या खोलीत खिडकीतून ऊन सांडलं होतं. टेबलामागची केबल त्याने ओढून काढली. प्लग कोरा करकरीत. त्याने तो उन्हात धरला, आणि आरपार दिसलं: केशरीच्या घरात तपकिरी, तपकिरीच्या घरात केशरी.

गाणं विसरणारा नव्हता हा. म्हणजे मुद्दाम. उद्या लाईन बंद पडणार, नाव थोरल्याचं खराब होणार, आणि गिऱ्हाईक गुपचूप धाकट्याला बोलावणार.

धाकटा दारात येऊन उभा होता. हातात प्लग बसवायची पक्कड. भावाच्या हातातलं टोक पाहून त्याचा चेहरा उतरला.

"हे काय आहे?"

धाकट्याने ते टोक घ्यायला हात पुढे केला.

"बाबांनी हे शिकवलं होतं?"

"दादा, खाली दिवा लागलाय ना? मग राहू दे तसंच."

"किती दिवस चाललंय हे?"

"बरेच दिवस," धाकटा हळूच म्हणाला. "कापू नकोस, ऐक माझं."

थोरल्याने टोक कापलं. उद्यापासून दुकानात पाय ठेवू नकोस, तुझा तू मोकळा, असं तो म्हणाला, आवाज न चढवता. पलीकडे कुणाचं तरी तान्हं रडत होतं.

पक्कड आणि दुकानाची किल्ली धाकट्याने खिडकीत ठेवली. दारातून मागे वळून म्हणाला, "खाली टॉर्च लावत जा, दादा."

तो गेल्यावर थोरला उन्हात बसला. ओठांत गाणं पुटपुटत त्याने आठही तारा आपापल्या घरी नेल्या, पुन्हापुन्हा पाहिल्या आणि प्लग दाबला. वडिलांनीही पाठ थोपटली असती, असा.

तो जिना उतरून रॅकपाशी आला. बाकीचे दिवे लुकलुकत होते. सोनोग्राफीचा विझला होता.

त्याने प्लग काढून पुन्हा घातला. अंधारच. तारा पाहायला त्याने प्लग पिवळ्या दिव्याखाली धरला, डोळे चोळले, पुन्हा धरला; केशरी कुठली नि तपकिरी कुठली, कळेना. मग त्याचा हात रॅकच्या माथ्यावर गेला.

टॉर्चचा पांढरा उजेड पडला. आपल्याच हाताने बसवलेला प्लग त्याने डोळ्यांशी नेला. मग शेजारचा उपसला. मग त्याच्या शेजारचा. एकूण एक प्लगात तपकिरी आजोबा पुढल्या दारी बसले होते.