एका रनचा फरक

सन साठची रेल्वे-फॅक्टरी मॅच संपली. फॅक्टरीचा स्कोअरर मी, रेल्वेचा माझा थोरला भाऊ बळीराम. गढ्यातलं आमचं एकत्र घर सोडून मी शहराच्या दुसऱ्या टोकाला, अधारतालला, वेगळा राहायला गेल्यापासून तो माझ्याशी बोलत नव्हता. दिवसभर एकाच टेबलाशी बसून आम्ही मुकाट्यानं रन लिहिले. शेवटी दोन वह्यांत एका रनचा फरक निघाला.

अंपायर म्हणाले, "बैठिए दोनों, एक-एक बॉल मिलाइए."

भाऊ वाचू लागला, मी हो म्हणत गेलो. मधेच तो थांबला.

"हा लेगबाय काहून नाही लिहिला? तू तर कधी चुकत नाही."

"लिहिला असता, तर तू उठून गेला असता, भाऊ."

त्यानं माझ्या वहीत तो रन स्वतः मांडला. हिशेब जुळला. मग पहिलं पान उघडून म्हणाला, "चल, पुन्हा पहिल्यापासून पाहू."