आधी तोंड धुऊन ये

“मलमाची बरणी अर्धी कशी झाली?” मोठे सर दारातूनच गरजले.

प्रयोगशाळेत काचेची भांडी विसळणाऱ्या मावशींनी नळ बंद केला. भिंतीपाशी बसलेल्या दोन पाहुण्यांनी, एक बाई आणि एक टकले गृहस्थ, माना वर केल्या. हे दोघं बाहेरच्या संस्थेतून आले होते. मलमाचं काम चालू ठेवायचं की गुंडाळायचं, हे आज तेच ठरवणार होते.

मलम तोफेचं होतं. तोफ म्हणजे इथली सगळ्यात लहान संशोधक. तोंड सुटलं की थांबायची नाही, म्हणून हे नाव. क आणि ई जीवनसत्त्वं हवा लागली की चिरलेल्या सफरचंदासारखी बिघडतात. म्हणून तिनं ती डोळ्यांना न दिसणाऱ्या, आपोआप विरघळणाऱ्या कणांत बंद केली होती. कण लवेच्या मुळांतून कातडीत शिरणार, हळूहळू विरघळणार, जीवनसत्त्वं आतल्या आत सुटणार. कण कुठवर पोचतात ते कळावं म्हणून त्यांत एक रंगही घातलेला. साध्या उजेडात तो दिसत नाही. निळ्या दिव्याखाली मात्र हिरवागार चमकतो.

सरांना यातलं काहीच पटत नव्हतं. आत्ताही ते पाहुण्यांकडे वळून म्हणालेच, “शिरतात कसले! वर बसतात नुसते.” मग पुन्हा तोफेकडे. “विचारतोय मी. बरणी अर्धी कशी?”

“बरणीलाच विचारा, सर.”

“माणसाला लावायची परवानगी नसलेलं मलम कुणी घरी नेलं, तर सरळ हकालपट्टी. माहितीये ना?”

“माहितीये. परवानगी तुम्हीच नाकारलीत.”

“बघा! चोर तो चोर, वर शिरजोर!”

तोफ लालबुंद झाली. “मग मारा दिवा माझ्या तोंडावर. होऊन जाऊ दे सोक्षमोक्ष.”

“चल, आत्ता!”

“पण आधी मी तोंड धुणार. दिवसभर त्या मलमात हात असतात माझे. एखादा शिंतोडा उडालेला असायचा, आणि तुम्ही मला चोर ठरवायचात.”

“वा गं वा! पुरावाच धुऊन टाकणार?”

“धुतल्यावर जाईल?”

“जाईल म्हणजे? जाणारच! साबणापुढे टिकणारंय का ते? वर्षभर घसा कोरडा केलाय मी हेच सांगून.”

पाहुण्या बाई उठल्या. “एका शिंतोड्यावरून मुलीचं नुकसान नको. धुऊ द्या तिला.”

“धुवा, धुवा! मग दिसणार कप्पाळ!”

मावशी साबण घेऊन बेसिनपाशी आल्या आणि तोफेच्या कानाशी लागल्या. “खरंच घेतलं असशील ना, तर कानामागंही घास गं बाई. काही शिल्लक ठेवू नकोस.”

“बाटल्या घासता तशी घासा मला, मावशी.”

“ब्रश आणू?”

फेसच फेस झाला. पाणी कोपरांवरून ओघळून बुटांत गेलं. मग पाहुण्या बाईंनी स्वतः स्पिरिटचा बोळा घेऊन तिचं कपाळ आणि गाल पुसून काढले. तोफेचं नाक टोमॅटोसारखं झालं.

“चालला पुरावा गटारात,” सर खिडकीशी पुटपुटले.

“झालं?” बाईंनी विचारलं.

“आणखी एकदा,” तोफ म्हणाली.

टकल्या गृहस्थांनी पडदे ओढले. मावशींनी डोळे घट्ट मिटून घेतले. सरांनी निळा दिवा लावला.

कपाळ, गाल, हनुवटी. जिथं जिथं लवेचं मूळ, तिथं तिथं एक हिरवा ठिपका. सगळा चेहरा चांदण्यासारखा लखलखत होता.

“अगं माझे आई!” मावशी हळूच डोळे उघडून म्हणाल्या.

“सापडली!” सर अक्षरशः उडाले. “बघा, बघा, तोंडभर आहे! हीच चोर!”

“हो सर, मीच,” तोफ अंधारात म्हणाली. “आता ते धुऊन का नाही गेलं, तेवढं पाहुण्यांना सांगा.”