बारीक कंबरेची

"घाबरू नकोस गं, साधी माशीच आहे ती. सरांचं उत्तर आलंय." ताईनं मोबाइल तिच्यासमोर धरला.

धाकटीनं आधी एक डोळा उघडला, मग दुसरा. फोटोत पिवळ्या फुलावर, अंगावर काळे पट्टे असलेलं काहीतरी बसलं होतं. नुसतं बघूनच ती मागे सरकली.

गेल्या वर्षी गांधीलमाशी चावली तेव्हा तिचा घसा इतका सुजला होता, की जीव जाता जाता वाचला. "पुन्हा चावली तर दवाखाना गाठायलाही वेळ मिळणार नाही," डॉक्टरांनी बजावलं होतं. तेव्हापासून बागेकडची खिडकी बंद ती बंदच. आईबाबांच्या मागे ताईनंच तिला वाढवलं होतं. आता पुन्हा लहान मुलासारखं समजावणंही ताईच्याच वाट्याला आलं.

बागेतले फोटो काढून पाठवायची कल्पना ताईचीच. कॉलेजात कीटकांचा अभ्यास करणारे कुणी सर होते. त्यांची उत्तरं ताई वाचून दाखवायची.

"सर म्हणतात, काही माश्या गांधीलमाशीचं सोंग घेतात. डंख नाही, नुसताच तोरा. ही रुंद पट्ट्यांची. आणि ही बारीक कंबरेची, पाय लोंबकळत उडणारी. जाती वेगळ्या, पण दोन्ही माश्याच."

"दिसतात तर अगदी तश्शाच!"

"म्हणून तर जगतात बिचाऱ्या. तुझ्यासारख्या भित्र्या भागूबाई लांब पळतात ना!"

धाकटी हसली. बऱ्याच दिवसांनी.

मग खिडकी उघडली. मग दार. पायरीवर उभी असताना एक माशी कानाजवळून भुणभुणत गेली, तर धाकटी किंचाळत आत पळाली आणि कडी लावून बसली. ताईनं तिला कुशीत घेतलं. "चावायचं असतं तर चावली नसती का, वेडे?"

गांधीलमाशी चावलीच तर लगेच टोचून घ्यायचं, डॉक्टरांनी दिलेलं इंजेक्शन धाकटी सतत खिशात बाळगायची. "उन्हात खराब होईल ते," म्हणत ताईनं ते वरच्या खोलीतल्या कपाटात नेऊन ठेवलं.

त्या दिवशी ताई बाजारात निघाली. "वेलीखाली बस जरा. मी आलेच."

धाकटी बसली. थोड्या वेळानं एक उडत आली आणि तिच्या मनगटावर टेकली. बारीक कंबरेची. तिला उठून आत पळावंसं वाटलं. पण तिनं दात घट्ट आवळले आणि हात झटकला नाही. माशीच आहे. माशीच आहे. बारीक पाय कातडीवर चालत होते.

फाटक वाजलं. खांद्याला पिशवी अडकवलेले एक गृहस्थ आत आले.

"इथून बागेतले फोटो येतात ना? मी कॉलेजातून आलोय. फोटो पाठवणाऱ्या बाई फोन उचलत नाहीत, म्हणून म्हटलं, स्वतःच जाऊन बघावं."

"सर, तुम्ही? माझी ताई पाठवते ते फोटो!" धाकटीचा चेहरा उजळला. "तुमच्यामुळेच तर मी बागेत आले. हे बघा, आता हातावर बसली तरी घाबरत नाही."

तिनं मनगट वर केलं.

सर जागीच थिजले.

"हलू नका," ते कसेबसे म्हणाले. "अजिबात हलू नका. पहिल्या फोटोपासून तुमच्या ताईंना कळवतोय मी, सगळ्या गांधीलमाश्याच आहेत त्या."