गच्चीवरचं लिंबू

"ज्या दिवशी या कुंडीत लिंबू धरेल, त्या दिवशी तू खुशाल शाळेत शिकवायला जा," अप्पासाहेब म्हणाले आणि हसले. समोर बसलेले त्यांचे स्नेही चिंतामणरावही हसले.

सुलोचना हसली नाही. "चिंतामणकाका, तुम्ही साक्षीला आहात हं," एवढंच म्हणून तिनं चहाचे कप उचलले.

ती सव्वीस वर्षांची होती. लग्नाआधीच इंटर झालेली. नवरा दिवाकर विषमज्वरानं गेल्याला तेव्हा वर्ष झालं होतं. सासरे अप्पासाहेब होळकरांच्या महसूल खात्यातून निवृत्त झालेले. संस्थान मध्यभारतात गेलं तरी त्यांची पगडी खुंटीवर चढली नव्हती. घरची विधवा सून बाहेर चाकरी करते हे त्यांच्या कल्पनेतही बसत नव्हतं.

आणि कुंडीतलं लिंबू फळत नसतं, हे त्यांना ठाऊक होतं.

कुंडी म्हणजे तळ फुटलेला एक रांजण. रोप देपालपूरच्या एका मळ्यातून आणलेलं, वीतभर. सुलोचनानं तळाशी खापऱ्या टाकल्या, वर गाळाची माती आणि शेणखत घातलं. पानं खाणाऱ्या हिरव्या अळ्या ती एकेक करून हातानं वेचायची.

सकाळी सात ते साडेअकरा मात्र ती घरी नसे. जुन्या इंदुरात तिची मावशी लकव्यानं आडवी झाली होती. तिचं करायला ती जाई. आजाऱ्याची सेवा म्हणून अप्पासाहेबांनी हरकत घेतली नव्हती. रविवारी मावशीचा मुलगा गिरणीतून सुट्टीवर असे, म्हणून त्या दिवशी सुलोचना घरीच. मे-जूनमध्ये मावशीला देवासला लेकीकडे नेत. तेव्हा सुलोचना उन्हं चढली की झाडाला गोणपाटाचा आडोसा बांधी.

परतली की आधी गच्चीवर. एकदा अप्पासाहेबांनी तिची पांढरी बोटं पाहिली.

"हे काय?"

"झाडाला चुना लागतो, मामंजी."

"फुकट मेहनत आहे सगळी."

"माझीच आहे ना?"

सासूबाई, रमाबाई, मधे बोलत नसत. सकाळी उशीर होऊ लागला की तेवढं म्हणत, "जा बाई, तिकडे खोळंबतील."

तिसऱ्या वर्षी माघात झाड फुललं. पांढऱ्या कळ्यांनी फांद्या भरल्या, गच्चीभर वास सुटला. दुसऱ्या दिवशी सुलोचना परतली तेव्हा एकही फूल शिल्लक नव्हतं. सगळी देवघरात, बाळकृष्णापुढे ताम्हनात मांडलेली.

अप्पासाहेब पोथी वाचत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"देवाला वाहिली. त्यात वावगं काय?"

तिचे डोळे भरून आले, पण आवाज हलला नाही. "काहीच नाही. पण मामंजी, देवाला सांगून ठेवा. पुढच्या साली एकही मिळणार नाही."

पुढच्या मार्गशीर्षात तिनं झाडाचं पाणी तोडलं. पानं मलूल झाली, काही गळली. अप्पासाहेब खूश झाले. "मेलं शेवटी," ते रमाबाईंना म्हणाले. पौष सरता सरता सुलोचनानं माती उकरली, लिंबोळीची पेंड घातली आणि रांजण भरभरून पाणी दिलं. माघात झाड पुन्हा फुललं, आदल्या वर्षीहून दुप्पट. या खेपेला तिनं गच्चीच्या दाराला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली.

"माझ्याच घरात मला कुलूप?" अप्पासाहेब कडाडले.

"लिंबू धरेपर्यंतच."

आषाढात तिनं त्यांच्यापुढे ताटली ठेवली. एक कागदी लिंबू, देठ-पानासकट. शेजारी चिंतामणराव बसलेले. तिनंच निरोप पाठवून बोलावलं होतं.

अप्पासाहेबांनी लिंबू उचललं, नखानं साल खरवडली, वास घेतला. गच्चीवर जाऊन झाडही पाहून आले. अजून अकरा लटकत होती.

"अप्पा, शब्द दिला होतात," चिंतामणराव हळूच म्हणाले.

"माहीत आहे मला!" अप्पासाहेब उठले. "आमच्या घराण्यात शब्द फिरवत नाहीत. उद्या मी स्वतः येतो. सून नोकरी मागायला एकटी दारोदार हिंडलेली मला चालायची नाही. शाळा कुठली?"

"मी दाखवते," सुलोचना म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पगडी, उपरणं, हातात काठी घेऊन ते टांग्यात बसले. वाटेत त्यांनी सुनेला बजावलं, "तिथे तू बोलू नकोस. बोलणं मी करीन. नवख्या बाईला कोण विचारतं?"

"बरं," ती म्हणाली.

टांगा जुन्या इंदुरातल्या एका मुलींच्या शाळेपुढे थांबला. फाटकावरचा चपरासी लगबगीनं उठला आणि त्यानं वाकून सलाम केला. आपल्या पगडीचा मान अजून टिकून आहे, हे पाहून अप्पासाहेबांना जरा बरं वाटलं.

"देखो भाई," ते खाकरून म्हणाले, "बड़ी बाईजी को खबर करो. कहना, अप्पासाहेब आए हैं. बहू को यहाँ नौकरी पे रखवाना है."

चपरासी गोंधळला. त्यानं एकदा अप्पासाहेबांकडे पाहिलं, एकदा सुलोचनाकडे.

"मगर हुजूर," तो म्हणाला, "बड़ी बाईजी तो आपके साथ ही खड़ी हैं."