खानदानी फियाट

परभणीत शनिवार-रविवार जुन्या गाड्यांचा मेळावा भरला आणि मानवतच्या शिवप्रसादरावांच्या अंगात आलं. बायको तापानं फणफणली तरी हातातला पेपर खाली न ठेवणारा हा गडी, आधीचे दोन दिवस स्वतःच्या उपरण्यानं फियाटच्या काचा पुसत होता. बायको कोकिळाबाई बाळंतपणालाही एसटीनं गेल्या होत्या, कारण "रस्त्यात चिखल हाय, गाडी घाण होईल." आजही गाडी टेम्पोवर चढून आली आणि बाई एसटीनं.

पण मैदानात आखलेल्या ट्रॅकवर फेरी मारायची तर नवरा-बायकोनं जोडीनंच, असा मेळाव्याचा नियम निघाला. मग नाइलाजानं त्यांनी बाईंना शेजारी बसवलं, तेही "चप्पल बाहेर काढ" असं बजावून.

फेरी संपली. फेटा सावरत शिवप्रसादराव माइकवर गरजले, "आमच्या खानदानाची निशाणी हाय ही! पस्तीस वर्षं जिवापाड जपली!"

टाळ्या पडल्या. निवेदकानं अनवाणी उतरलेल्या कोकिळाबाईंपुढं माइक धरला. "वहिनी, कसं वाटलं गाडीत बसून?"



"लय बरं वाटलं, भाऊ. माझ्या बापानं लग्नात दिलेली गाडी आज पहिल्यांदा आतून बघितली."